काचेकडे पाठ

"दादा, तुम्ही बाहेरच थांबा हं." अध्यक्ष कूने काचेचं दार आतून ओढून घेतलं. मग पुन्हा बोटभर उघडलं. "आणि मागे वळायचं नाही. काचेतूनसुद्धा नाही."

"मी काय वेडा आहे?" बांग सांग-मान म्हणाला आणि हातातला चिमटा त्यानं सलाम ठोकल्यासारखा कपाळाला लावला.

समुद्रकाठचा भाड्याचा बंगला. आत टीव्हीसमोर सात जण, सगळ्यांच्या अंगात सारस या बेसबॉल संघाचे निळे शर्ट. बाहेर अंगणात शेगडी, ताटभर डुकराचं मांस आणि सांग-मान. निळा शर्ट त्याच्याही अंगात होता. पाठीवर नाव कॅचर यांग गी-बोकचं.

सांग-मान पनवती आहे, हे पाठीराख्यांच्या मंडळात केव्हाच ठरलं होतं. या मोसमात तो मैदानावर सामना बघायला गेला आणि सारस हरले, असं दरवेळी झालं. तो गेला नाही तेव्हाही ते बहुतेक हरलेच, पण ते कोण धरतो? हरण्याला एक तोंड लागतं. चांगले खेळाडू विकून खाणारा संघाचा मालक वरच्या मजल्यावर काचेआड बसतो, त्याचं तोंड दिसत नाही. सांग-मानचं दिसतं.

आज मोसमातला शेवटचा सामना. जिंकले तर सारस पुढच्या फेरीत, शरदातल्या बेसबॉलला. हरले तर घरी. आणि जिंको वा हरो, मोसम संपला की गी-बोक निवृत्त. हरले तर आजची त्याची खेळी शेवटची. सांग-माननं त्याची पहिली खेळी पाहिली होती.

सकाळी वाटेत चहाकॉफीला गाडी थांबली, तेव्हाच विषय निघाला होता.

"दादा, इथून परतीची बस मिळते," मंडळातली ओक-जू म्हणाली होती. "राग मानू नका."

"अगं, घरी जाऊन बघितला तरी बघितलाच की," मागून कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

"घरी नको," सांग-मान घाईनं म्हणाला. "मी बघतच नाही ना. तुम्ही बघा, मी मांस भाजतो."

घर म्हणजे एक खोली. कारखाना बंद पडल्यापासून त्याचा फोन वाजायचा तो या सात जणांच्या निरोपांनीच.

सारसांच्या प्रत्येक खेळाडूचं आपलं एक गाणं आहे. तो बॅट घेऊन उभा राहिला की पाठीराखे ते सुरू करतात. त्यामुळे सांग-मानला टीव्ही लागत नव्हता. काचेमागून गाणं आलं की कोण खेळतोय ते कळायचं. गाणं मध्येच तुटलं की गेला. तो मांस पलटायचा, कात्रीनं तुकडे करायचा, पुढच्या गाण्याची वाट बघायचा.

ओक-जू दार किलकिलं करून ताट न्यायला आली.

"कसं चाललंय?"

"विचारू नका ना दादा! विचारणंसुद्धा बघितल्यासारखंच."

शेवटच्या डावात आत कू ओरडला, "अरे, एकच धाव! एकच पाहिजे!" मग खुर्च्या सरकल्या. सगळे उभे राहिले असणार. आणि गाणं सुरू झालं. गी-बोकचं.

ते गाणं सांग-माननं पहिल्यांदा म्हटलं तेव्हा त्याच्या तोंडात सगळे दात होते.

तो शेगडीकडे तोंड करून पुटपुटू लागला. समोर शेगडीचं चकचकीत झाकण उभं होतं. त्यात टीव्हीचा चौकोन दिसत होता, आणि चौकोनात निळं काहीतरी हलत होतं. सांग-माननं डोळे घट्ट मिटले. चरबी निखाऱ्यात पडून भडका उडाला, मनगट भाजलं. तरी डोळे उघडले नाहीत.

गाणं तुटलं.

मग दार उघडलं.

"बघितलंत," कू म्हणाला.

"नाही."

"दादा, खरं सांगा."

"आईची शपथ. नाही बघितलं."

सातही जण दारात येऊन उभे होते.

"मग हरलो कसे?" कूने विचारलं. सांग-मानला नाही, नुसतंच.

"ओक-जू सारखी दार उघडत होती," कोणीतरी म्हणालं.

"मी? आणि तू शेवटच्या डावात उठून मुतायला गेलास ते?"

"माझ्यावर येऊ नकोस!"

"दरवर्षी हेच," तिसरा म्हणाला. "कशाला येतो आपण? मी तर पुढच्या वर्षापासून नाही."

सांग-माननं चिमटा खाली ठेवला.

"बघितलं," तो म्हणाला. "झाकणात. एकदाच. गी-बोक होता म्हणून राहवलं नाही."

सगळ्यांचे खांदे एकदम खाली आले. कूने कपाळावर हात मारला. "काय माणूस आहे हा! सांगितलं होतं, सांगितलं होतं की नाही!" मग शिव्या सुरू झाल्या. मनापासून, मोकळ्या, घरच्या माणसाला द्याव्यात तशा. कोणीतरी त्याच्या पाठीत, गी-बोकच्या नावावर, धपका घातला. ओक-जूने सोजू ओतून पेला त्याच्या हातात दिला. तिचे डोळे अजून ओले होते, पण ती हसत होती.

"घ्या, आता पोटभर बघा," कूने आपला फोन त्याच्यापुढे धरला. "आता काय बिघडायचं राहिलंय? गी-बोक हेल्मेट काढून प्रेक्षकांपुढे वाकलाय बघा. रडतोय."

सांग-माननं फोनकडे पाहिलं नाही. करपलेले तुकडे तो एकेक करून कडेला काढत होता.

"अध्यक्ष," तो म्हणाला, "पुढच्या वर्षी मांस मीच भाजायचं ना?"