राळ

बिंदुमाधवरावांनी गज ओढला आणि व्हायोलिनमधून आवाज आलाच नाही.

आधी त्यांना वाटलं, आपले कान गेले. सत्तरी जवळ आली की कानांचा भरवसा धरू नये. पण शेजारच्या खुर्चीतल्या काव्या नावाच्या मुलीचं व्हायोलिन स्वच्छ ऐकू येत होतं, मागे चेलो घुमत होते. गप्प होतं ते यांचं एकट्याचं. त्यांनी गज जरा दाबला. तो तारांवरून नुसता सटकला.

थांबायची सोय नव्हती. ऑर्केस्ट्रात सगळे गज एकदम वर जातात, एकदम खाली येतात; कुठे वर आणि कुठे खाली, तेही कागदावर खुणा करून आधी ठरलेलं असतं. याच शिस्तीवर तर ते भाळले होते. आता बेळ्ळंदूरच्या त्या भरल्या सभागृहात, नवा काळा कोट घालून, तेही मुकाट्यानं गज वर नेत होते, खाली आणत होते. समोर त्यांची बायको हेमावती बसली होती. तिच्या आजूबाजूला त्यांनी घरोघरी जाऊन बोलावलेले, त्या कानडी शहरातल्या मराठी समाजातले लोक.

विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी त्याच शहरातल्या शिवाजीनगरातून हे जुनं व्हायोलिन आणलं होतं. हौसेला मोल नसतं, आणि बिंदुमाधवरावांच्या हौसेला कानही नव्हता. मागच्या गणपतीत समाजाच्या हॉलमध्ये ते एकटेच वाजवायला बसले, तेव्हा बायका तोंडाला पदर लावून हसल्या. "साठी बुद्धी नाठी," असं मेहुणे आप्पाजी सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले. त्या दिवशी हेमावती जेवली नाही. बिंदुमाधवरावांनी मात्र मनाशी गाठ बांधली: याच लोकांना समोर बसवून एकदा वाजवून दाखवायचंच.

एका हौशी ऑर्केस्ट्रात त्यांना दुसऱ्या व्हायोलिनांतली शेवटची खुर्ची मिळाली. दुसऱ्या व्हायोलिनांनी बहुतेक वेळ पहिल्यांच्या मागे भरणा करायचा असतो. पण आजच्या रचनेच्या संथ भागात एका ठिकाणी मुख्य चाल दुसऱ्यांकडे येते. थोडाच वेळ, पण येते. तेवढी जागा ते वर्षभर रोज दुपारी घोटत होते. घोटून झाली की स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारायचे, "कसं वाटलं?" आणि हेमावती म्हणायची, "छान की."

तालमीच्या मध्यंतरात मोहनकुमार, त्यांचे तरणेबांड कंडक्टर, जुन्या युरोपातल्या गमती सांगत. राजेरजवाड्यांच्या पदरी वादक असत, जेवायला नोकरांच्या पंगतीत बसत, असलं काहीबाही. एकदा त्यांनी सांगितलं, खुर्च्या भरायला माणसं कमी पडली की म्हणे वाजवता न येणाऱ्यालाही बसवत आणि त्याच्या गजाला राळेऐवजी साबण फासत. राळ घासली तरच गजाचे केस तारेला धरतात. साबणाचा गज फिरतो झोकात, पण वाजत नाही. सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं बिंदुमाधवराव हसले. घरी येऊन त्यांनी तो किस्सा हेमावतीला रंगवून सांगितला. ती हसली नाही. भाकरी थापता थापता म्हणाली,

"आणि त्या माणसाला कळत नाही होय?"

"कळतं की! पण भर मैफलीत सांगणार कुणाला?"

आणि आता मंचावर, गज वर नेता नेता, तोच किस्सा त्यांना आठवला. अंगाची लाही लाही झाली. त्यांनी मोहनकुमारकडे पाहिलं. मोहनकुमार त्यांच्याकडे बघून चक्क हसले. म्हणजे हा डाव याचा! तालमीत "सर, स्वल्प हळू, स्वल्प हळू" म्हणत होता, तो यासाठी. आज नेमका पोचायला उशीर झाला. हेमावतीला साडी नेसायला कधी नव्हे इतका वेळ लागला, मग रिक्षा रिंग रोडच्या कोंडीत अडकली. सूर जुळवणं संपता संपता ते धावत येऊन खुर्चीत टेकले. राळ घासायलाही सवड मिळाली नाही.

संथ भाग आला. चाल पहिल्या व्हायोलिनांनी सोडली, दुसऱ्यांनी उचलली. वर्षभर घोटलेली ती जागा बिंदुमाधवरावांच्या बोटांखालून बिनआवाजी निघून गेली. त्यांना रडू फुटलं असतं, पण गज खाली आणायची खूण आली होती.

टाळ्यांचा कडकडाट झाला. पडदा पडल्या पडल्या ते मोहनकुमारसमोर जाऊन उभे राहिले.

"सर, सुपर!" मोहनकुमार म्हणाले. "आज तुमचा गज पहिल्यांदा सगळ्यांबरोबर होता."

"गजाचं मला सांगू नका. हा वास घ्या आधी. वास घ्या!"

गज त्यांच्या नाकापुढे धरला तेव्हा तो बिंदुमाधवरावांच्याही नाकापाशी आला. मोहनकुमारनी गोंधळून वास घेतला.

"चंदन, सर?"

चंदनच होतं. लग्न होऊन घरात आली त्या दिवसापासून हेमावतीनं दुसरा साबण न्हाणीघरात ठेवू दिला नव्हता. आणि आज व्हायोलिनची पेटी तिनंच भरून दिली होती.

त्यांनी गज हळूच खाली घेतला. तोवर समाजातली मंडळी आत आली. आप्पाजींनी पुढे होऊन त्यांचे दोन्ही हात धरले. "भावजी, मानलं तुम्हाला! आम्ही उगीच हसलो हो त्या दिवशी." बायका कौतुकानं बघत होत्या. त्यांच्यातून वाट काढत हेमावती आली. तिनं त्यांच्या कोटाची कॉलर सारखी केली. तिच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी होतं.

"अहो," ती सगळ्यांदेखत म्हणाली, "आज तुमचा एकही सूर चुकला नाही."