वजनात बसणारा माणूस

जर्मनीतल्या फुल्डाहून मोरोक्कोपर्यंत एकट्यानं कॅम्पर व्हॅन चालवत जायचं मी ठरवलं, तेव्हा बायको म्हणाली, "मीही येते की."

"हायके, भरलेली गाडी साडेतीन टनांच्या वर गेली तर पोलीस वाटेतच अडवतात. तुझं वजन कुठं बसवू? तू आपली टोमॅटोंना पाणी घाल."

मग तयारीला लागलो. एकटा माणूस, वाटेत काही मोडलं तर मदतीला कोण, म्हणून सगळं दोन-दोन घेतलं. जॅक दोन, शेगड्या दोन, फावडीसुद्धा दोन. तिकडं आपला काळा पाव मिळायचा नाही म्हणून त्याचे डबे, आणि तिकडच्या पाण्याचा काय भरवसा म्हणून बिअरचे क्रेट.

निघायच्या आदल्या दिवशी गाडी खडीच्या खाणीतल्या वजनकाट्यावर नेली. काटा सांभाळणारा ऊवे माझा शाळेपासूनचा मित्र. खिडकीतून ओरडला, "वीस किलो जास्त भरतंय रे!"

"बिअर काढ," बाजूला उभी असलेली हायके म्हणाली.

"मग पिऊ काय?"

"बरं, पाव काढ."

"वेड लागलंय का तुला?"

ऊवे वैतागला. "अरे, मग तूच उतर ना!"

मी हसत हसत उतरलो. हायकेनं माझ्या पोटाकडे एकदा नीट पाहिलं आणि शांतपणे स्टेअरिंगमागे जाऊन बसली.

"आता बसतंय!" ऊवे ओरडला. "निघा बिनधास्त!"



हायकेनं काच खाली केली. "टोमॅटोंना पाणी घालत जा हं."