रविवारचा आकडा

आमच्या टोंगा बेटांवर रविवारी कुणी कामाला हात लावत नाही. म्हणून दवाखान्यातल्या लशींच्या फ्रिजचं रविवारचं तापमान मी शनिवारीच तक्त्यात लिहून टाकायची. पाच. दोन ते आठ अंशांच्या मधला बिनबोभाट आकडा.

एका रविवारी मी पलीकडच्या बेटावर होते आणि इथे दिवसभर वीज नव्हती. मला ते मंगळवारी कळलं. तोवर फ्रिज पुन्हा गार झाला होता आणि छोट्या लूपेला त्यातली लस टोचून झाली होती. पुढे तिला गोवर झाला. ती गेली. मी कुणाजवळ बोलले नाही.

आता मी रविवारी चर्च चुकवून येते आणि आकडा बघूनच लिहिते. इतर दिवशी तो कधी चार असतो, कधी सहा. रविवारी पाचच.

आज मी प्लग काढला, दार सताड उघडं टाकलं. तासाभराने पाहिलं. पाच. थर्मामीटर बाहेर पायरीवर भर उन्हात ठेवला. पाच. मुठीत घट्ट आवळून धरला. पाच.

लूपेची आई इथल्या रिवाजाप्रमाणे कमरेला चटई गुंडाळून चर्चला निघाली होती.

"काय हो सिस्टर, रविवारी पण काम? देव रागावेल हं!" हसत हसत तिने माझा हात हातात घेतला आणि तिचं हसू विझलं.

"केवढा गार पडलाय हात तुमचा," ती पुटपुटली. मग तो गालाशी धरून तिने डोळे मिटले. "अगदी माझ्या लूपेसारखा."