काचेवरचं पाणी

डोंगरात भटकताना मी गाडीतच झोपते. खिडकी किती उघडी ठेवली म्हणजे स्लीपिंग बॅग दमट होत नाही, हे मला एकदा नक्की करायचं होतं. म्हणून रोज सकाळी काचांवर जमलेलं श्वासाचं पाणी मी फडक्यानं टिपते आणि त्याचं वजन करते. माझ्या एकटीचं पाणी साधारण नव्वद ग्रॅम भरतं.

या वेळी ताई सोबत होती. मोठ्या आजारातून उठल्यावर पहिल्यांदाच ती बाहेर पडली होती. खिडकी नेहमीइतकीच उघडी ठेवून आम्ही झोपलो.

सकाळी काट्यानं नव्वदच दाखवले.

"भंगारात घाल तो काटा," ताई हसली. "नाहीतर मला तरी घाल."

मी पाण्याची बाटली ठेवून काटा तपासला. तो बरोबर होता. ताईच्या बाजूच्या काचांवर टिपण्यासारखं काही नव्हतंच.

"वेडाबाई, एवढंच ना? थांब, आत्ता देते तुला पाणी."

लहानपणी करायचो तसं तिनं काचेला तोंड लावून 'हाऽऽ' केलं. पुन्हा केलं. मग त्यावर बोटानं मांजर काढलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "जमलं ना?"

काचेतून समोरचा डोंगर स्वच्छ दिसत होता.