पाय उचलायचा नाही

“पाय उचलू नगंस बरं का!” आकाराम सुभेदार जाता जाता ओरडले आणि सांगलीच्या भर बाजारात एका स्पेअरपार्टच्या दुकानात शिरले. रस्त्याच्या कडेला लालभडक, दोन दारांची, उघड्या टपाची गाडी गुरगुरत उभी. स्टेअरिंगमागं त्यांच्या बायको बनुबाई. वय बासष्ट, डोक्यावर पदर, उजवा पाय ॲक्सिलेटरवर.

कॉलेजच्या दोन पोरी थांबल्या. “आजी, गाडी तुमची?”

“मग काय शेजारणीची?” बनुबाई म्हणाल्या आणि उगाचच जरा रेस दिली. पोरी हसत सुटल्या. बनुबाईंना असा आनंद झाला, की विचारू नका.

भानगड अशी होती. आकाराम तीस वर्षं फौजेत ड्रायव्हर. त्यांच्या शेवटच्या कर्नलसाहेबांनी म्हातारपणी आपली हौसेची जपानी स्पोर्ट्‌स कार त्यांनाच देऊन टाकली. पंचवीस वर्षांची जुनी, पण पळायला वारं. उभं राहायचं म्हटलं की बोंब. पाय काढला की बंद. आणि तापलेलं इंजिन एकदा बंद पडलं की अर्धा तास रुसून बसायचं. आष्ट्याच्या मौला मिस्त्रीनं बॉनेटात डोकं घालून निदान केलं, “आयडल व्हॉल गेलाय सुभेदारसाब. पाय न ठेवता इंजिन चालू ठेवतोय तो. असला पार्ट आता कुठं घावायचा?”

तेव्हापासून सुभेदार पार्ट शोधत हिंडत होते, आणि दुकानात शिरताना गाडीवर पाय ठेवायला कुणीतरी हवं म्हणून बनुबाईंना बरोबर नेत होते. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली. या माणसानं सगळी पलटण गाडीतून हिंडवली, पण बायकोला? “घराकडं कोण बघंल?” हे ठरलेलं उत्तर. आता मात्र सांगली झाली, कराड झालं. विटासुद्धा झालं. विटा म्हणजे सोनं गाळणाऱ्यांचं गाव, तिथं मोटारीचा व्हॉल कुठला? सुभेदार म्हणाले, “विट्याची माणसं हिंदुस्थानभर पसरल्यात. कुणीतरी धाडंल.” तिथं सुट्टीवर आलेल्या भाच्याच्या, राजवर्धनच्या घरी चहा-चिवडा झाला. पुढच्या आठवड्यात मेढा. मेढ्याच्या डोंगरात स्पोर्ट्‌स कारचा पार्ट कोण विकतो, देव जाणे! पण बनुबाईंनी विचारलं नाही. दिवसभर वारं खाल्लं, गार पाण्यात पाय सोडून बसल्या, येताना भज्यांचा पुडा आणला. पार्ट न मिळो, एवढंच त्यांचं मागणं होतं. तो मिळाला की आपण पुन्हा चुलीपुढं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आणि मेला तो मिळालाच. कोईमतूरला परतलेल्या राजवर्धननं कुरिअरनं धाडला. सुभेदार उसाला पाणी पाजायला गेले होते. बनुबाईंनी खोकं उघडलं. मुठीएवढा व्हॉल, नवा कोरा. त्यांनी देवाला हात जोडले, “एवढा डाव माफ कर,” म्हणाल्या आणि व्हॉल शाळूच्या पिंपात कोपरापर्यंत हात घालून पुरला.

पंधरा दिवस बरे गेले. मग एका सकाळी सुभेदार बशीतला चहा फुंकत म्हणाले, “तुला लय तरास होतोय गं माझ्यापायी. पाय भरून येत असंल. पार्ट घावू दे, मग तुझी सुटका.”

बनुबाईंनी आपली बशी खाली ठेवली. हा बाबा आपल्या पायाच्या काळजीनं गावोगाव वणवण करतोय, आणि आपण त्याच्या पार्टावर शाळू ओततोय! आयुष्यभर ज्याला दगड म्हटलं, त्याच्या पोटात एवढी माया? त्यांना स्वतःची लाज वाटली आणि रडूही आलं. तसंच उठून त्यांनी पिंपात हात घातला आणि व्हॉल कनवटीला लावला.

“आज मौलाकडं जाऊया. मी आत जाऊन इचारते, तुमी गाडीत बसा.”

“तू कशाला? मी जातो की!” सुभेदार दचकलेच.

“बसा म्हणलं न्हवं!”

सुभेदार बसले.

गॅरेजात बनुबाईंनी व्हॉल मौलाच्या टेबलावर ठेवला. “बसव बाबा. पंधरा दीस झालं, मीच लपवून ठेवला हुता. पर त्यास्नी सांगू नगंस.”

मौलानं व्हॉलकडं बघितलं, बनुबाईंकडं बघितलं आणि कपाळावर हात मारला. मग टेबलाचा खण ओढला. आत तसाच दुसरा व्हॉल, पिशवीतून बाहेरसुद्धा न काढलेला.

“काकू, ह्यो दिवाळीतच आलाय. पुण्यासनं मागवला हुता. सुभेदारसाब म्हणाले, बसवायचा न्हाई आन् कुणाला बोलायचं न्हाई. व्हॉल बसला की आमची मंडळी परत घरात जाऊन बसंल म्हणं! सांगा, आता मी कुणाकुणाचं लपवू?”

बनुबाईंनी पदरानं डोळे पुसले, आपला व्हॉल उचलून त्याच खणात टाकला आणि खण ढकलून दिला.

बाहेर सुभेदार मान उंचावून बघत होते. तोंड पार उतरलं होतं. “काय गं? घावला का काय पार्ट?”

बनुबाई दार ओढून शेजारी ऐसपैस बसल्या.

“कुठला घावतोय! महाबळेश्वरात बघा म्हणाला.”