आधी येईल त्याला

“गाड्या पळाल्या दोन, आन् धरलं एकट्या आमच्या पोराला,” निशिगंधा पदराआड पुटपुटली. पोलीस ठाण्याच्या बाकावर क्रांती तिला खेटूनच बसली होती. धाकट्या जावेचं हे पुटपुटणं तिला ऐकू जावं म्हणूनच होतं.

काल रविवार. क्रांतीच्या घरी दोन्ही जावांच्या घरांची जेवणं. मटण शिजलं आणि बघते तर घरात लिंबं नाहीत. तिचा विश्वजित आणि जावेचा सम्राट, दोघंही किल्ल्या घेऊन उठले. परत येताना पेठेच्या वळणावर धोंडुबाई भाजीची पाटी घेऊन रस्ता ओलांडत होती. विश्वजितची गाडी चुकवायला ती मागं सरली आणि सम्राटच्या गाडीखाली गेली. मांडीचं हाड मोडलं. आता वर्षभर डोक्यावर पाटी नाही, म्हणाले डॉक्टर.

विश्वजितच्या गाडीला ओरखडा नव्हता. सकाळपासून घरात सगळ्यांनी त्या नसलेल्या ओरखड्याची आरती चालवली होती. पुढच्या महिन्यात त्याची पोलीस भरती. अभिराम वकिलांनी दोन्ही घरांना बजावलं होतं, “आपापल्या कामाला निघाले होते, एवढंच म्हणायचं. शर्यत म्हटलं की सम्राटचा गुन्हा वाढला, आणि धडक न देताही विश्वजित तेवढाच जबाबदार.”

घरी मटणाचं पातेलं तसंच झाकलेलं होतं. सकाळी क्रांतीनं झाकण उचललं. वरच ती लांब, मगज भरलेली नळी. तिनं झाकण परत ठेवलं.

“तुझ्या पुढं कोण हुतं रं?” हवालदारानं विचारलं.

सम्राट चपलांकडं बघत राहिला. भिंतीशी उभ्या विश्वजितनं मान खाली घातली.

क्रांती उठली.

“वहिनी, बसा,” वकील म्हणाले.

“अक्का, नगं,” निशिगंधानं तिचा पदर धरला. आत्तापर्यंत पुटपुटणारी तीच. क्रांतीनं तिची बोटं एकेक करून सोडवली, हळूच, लहान पोराची सोडवावीत तशी. मग टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

“साहेब, लिवा. दोघांची शर्यत हुती.”

हवालदाराचं पेन थांबलं. “बाई, तुम्ही घरात. तुम्हाला काय म्हाईत?”

“मीच लावली की. म्हटलं, जो आधी लिंबं आणंल, त्याला नळी.”