बॅटरी उतरेना

आठवड्यात तिसऱ्यांदा त्या नाक्यावरच्या पांढऱ्या शर्टवाल्याची स्कूटर मोटरहोमच्या दाराशी उभी होती. फ्यूजकाकांनी ती रस्त्याच्या पलीकडून पाहिली आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

मोटरहोम सिस्टरची. तीस वर्षं नर्स म्हणून राबल्यावर निवृत्त होताना त्यांनी हे चाकांवरचं घर घेतलं होतं. आत पलंग, ओटा, छोटा फ्रिज, पंखा, आणि हे सगळं पलंगाखालच्या एका बॅटरीवर चालायचं. मैदानाच्या कडेला दोन दिवसांपुरती म्हणून लावलेली गाडी सात महिने झाले तरी तिथेच होती. "एकदा बॅटरी नीट झाली की निघाले बघा," असं सिस्टर दर गुरुवारी म्हणायच्या, आणि दर गुरुवारी बॅटरी उतरलेली असायची.

मग फ्यूजकाका चार्जर घेऊन जायचे. गाड्यांच्या वायरिंगमध्ये त्यांची हयात गेली होती आणि लहानथोर सगळे त्यांना याच नावानं हाक मारत. ते टर्मिनल घासायचे, मीटर लावायचे, एकेक दिवा लावून-विझवून पाहायचे आणि कपाळाला आठ्या घालून "हं" म्हणायचे. बॅटरी भरायला सगळी दुपार लागे. तेवढ्यात चहा व्हायचा, पत्त्यांचे दोन डाव व्हायचे, सिस्टर कुठल्याशा खडूस डॉक्टरची नक्कल करायच्या आणि फ्यूजकाका पोट धरून हसायचे. घरी त्यांच्याशी बोलायला कोणी नव्हतं.

खरं सांगायचं तर बिघाड काय आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तो त्यांनीच केला होता. पहिल्या वेळी नुसतं टर्मिनल सैल होतं. ते आवळून झालं, सिस्टर आनंदानं "निघाले बघा" म्हणाल्या आणि फ्यूजकाकांनी आवरलेली अवजारं परत काढली. पाण्याच्या टाकीमागे, कोणाची नजर जाणार नाही अशा जागी, मेन स्विचला वगळून त्यांनी एक दिवा थेट बॅटरीला जोडून टाकला. तो रात्रंदिवस जळायचा आणि आठवड्याच्या आत बॅटरी पार रिकामी करायचा. नंतर त्यांना लाज वाटायची. पण गुरुवार उजाडला की लाज कुठल्या कुठे पळायची.

अशात फ्यूजकाकांना ताप आला. ते अंथरुणाला खिळले आणि सिस्टरना नाक्यावरच्या नव्या दुकानदाराला बोलवावं लागलं. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बॅटऱ्या दुरुस्त करणारा हा माणूस. शर्टावर ग्रीसचा एक डाग नाही. पन्नाशीच्या आतला, डोक्यावरचे केस सगळे शाबूत. फ्यूजकाकांना ते केसच जास्त खुपले.

ताप उतरला, गुरुवार आला, पण सिस्टरचा फोन आला नाही. म्हणजे त्याला दिवा सापडला. निदान त्याच्यापुढे तरी आपलं भांडं फुटलं, हे फ्यूजकाकांनी ओळखलं. पण बॅटरी बरी झाली होती, तर हा सारखा तिथे करतो काय?

आणि आज ही स्कूटर. आतून सिस्टरचं हसू ऐकू आलं. मग त्याचं. डॉक्टरची नक्कल चालली असणार. फ्यूजकाकांना आयुष्यात कोणाचा एवढा हेवा वाटला नव्हता. सिस्टर गाडी घेऊन निघून गेल्या असत्या तर त्यांनी कसंबसं सोसलं असतं. पण त्या थांबल्या, आणि या केसाळ माणसासाठी थांबल्या, हे काही त्यांच्या घशाखाली उतरेना.

पुढच्या गुरुवारी सकाळी फोन वाजला.

"फ्यूजकाका, तब्येत कशी आहे? अहो, बॅटरी पुन्हा उतरली."

त्यांनी दाढी केली. कपाटातून पांढरा शर्ट काढला, त्याला इस्त्री केली आणि मग रागारागानं तो परत आत कोंबला.

सिस्टर चहाचं आधण ठेवत होत्या तेवढ्यात त्यांनी टाकीमागे हात घातला. दिवा नव्हता. नवी वायर मात्र होती. ती चाचपत ते चमच्यांच्या खणापाशी आले आणि खण बाहेर ओढला. मागे एक दिवा होता. थेट बॅटरीला जोडलेला, वर चिकटपट्टीचे वेढेच वेढे.

त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लबाड! आपलीच युक्ती चोरून इथे येण्याजाण्याची सोय करून ठेवली होती. पण सिस्टरना सांगणार कसं? तुम्हाला हे कसं कळलं, असं त्यांनी विचारलं की संपलंच.

"सिस्टर, तो माणूस काही बरा नाही."

"कोण, तो नाक्यावरचा? चांगला आहे हो बिचारा. किती वेळ दिला त्यानं मला."

'बिचारा' त्यांच्या जिव्हारी लागलं. "आलोच," म्हणून ते उतरले आणि तरातरा चालत नाक्यावरच्या दुकानात शिरले.

"चमच्यांच्या खणामागे दिवा कोणी लावला?"

पांढऱ्या शर्टानं पाना खाली ठेवला. "टाकीमागे कोणी लावला होता?"

फ्यूजकाका काउंटरवरचा मीटर उगाच न्याहाळू लागले.

"तो मी पहिल्याच दिवशी काढला, काका, आणि सिस्टरच्या हातात दिला. म्हटलं, हा तुमच्या काकांचा उद्योग. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाल्या, होता तसा परत लावून द्या."

"काय?"

"मी साफ सांगितलं, असली कामं मी करत नाही. तर म्हणाल्या, मग मला शिकवा."